पाचाची मर्यादा

(नामपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय संयोजकांनीच दिला: इंटरनेट कंपन्यांचे निर्णय आणि सामान्य माणूस. सोबत फोनवर एक सूचनाही दिली की अमेरिकेतल्या गोष्टी फार सांगू नका, आमच्याकडचे लोक शेवटी उठून प्रश्न विचारतात. तेव्हा मी जवळून सुरुवात करतो.

इथून जायखेड्यावरून ताहाराबादला गेलं आणि सेलबारीचा घाट ओलांडला की पिंपळनेर. तो झाला धुळे जिल्हा, साक्री तालुका. त्याच तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी वस्तीचं गाव आहे. 1 जुलै 2018, रविवार, तिथला आठवडे बाजार. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तिथे आले होते. भिक्षेवर पोट भरणारी, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडणारी ही माणसं. इथल्या मोसम खोऱ्यातल्या दारांनाही असे भिक्षेकरी नवे नाहीत. कुणीतरी म्हणालं, ही मुलं पळवणारी टोळी आहे. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले.

त्याच रात्री मालेगावात, इथून तासाभराच्या अंतरावर, अशाच संशयावरून एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं. त्यात एक लहान मूलही होतं. पोलिसांनी जिवावर उदार होऊन त्यांना बाहेर काढलं म्हणून मालेगावचं नाव राईनपाड्याच्या ओळीत बसलं नाही. त्याआधी जूनमध्ये वैजापूर तालुक्यात दोन जणांचा जीव गेला होता. त्या उन्हाळ्यात देशभरात अशा अफवांनी घेतलेल्या बळींची संख्या वीसच्या आसपास पोचली.

अफवा फोनवरून येत होत्या, व्हॉट्सअॅपवरून. तेव्हा देशभर फिरलेली एक चित्रफीत पुष्कळांना आठवत असेल: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती कराचीतली होती. तिथल्या एका संस्थेनं, मुलं हरवू नयेत म्हणून, लोकजागृतीसाठी केलेली. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. शेवटचा तेवढा तुकडा कुणीतरी कापला. उरलेलं आपल्याकडे आलं.

मारणारे हात माणसांचे होते. त्याचा जाब कायद्यानं माणसांनाच विचारायचा. कंपनीवर सगळं ढकलून आपण हात झटकले तर ती लबाडी होईल. पण राईनपाड्यानंतर जे झालं ते नीट पाहिलं तर आजच्या विषयाची नाडी हाताला लागते.

3 जुलैला केंद्र सरकारनं कंपनीला खडसावलं. 10 जुलैला व्हॉट्सअॅपनं देशातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या: खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात. त्याच दिवशी पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दिसू लागली. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं जमावाच्या हिंसेबद्दल सरकारांना निर्देश दिले. आणि लगेच, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, कंपनीनं जाहीर केलं की भारतात यापुढे एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल. फोटो-व्हिडिओच्या शेजारी जो झटपट पुढे पाठवण्याचा बाण असायचा, तोही काढला. तोवर ही मर्यादा अडीचशेच्या आसपास होती.

आता हिशेब करा. तेव्हा एका ग्रुपात 256 माणसं बसत. अडीचशे ग्रुप धरले तर एका बोटाच्या हालचालीसरशी 64,000 माणसं. पाच ग्रुप धरले तर 1,280. प्रत्यक्षात कुणाकडे अडीचशे ग्रुप नसतात हे मलाही कळतं. पण दार किती रुंद ठेवायचं हे ठरवणाऱ्यानं 64,000 माणसं मावतील इतकं रुंद ठेवलं होतं, आणि ते अरुंद करायला त्याला फार दिवस लागले नाहीत.

भारतातले लोक जगात सर्वांत जास्त संदेश पुढे ढकलतात, हे कंपनीनं स्वतःच त्या निवेदनात सांगितलं. म्हणजे ही माहिती तिच्यापाशी होती. 2019 च्या जानेवारीत पाचाची मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या काळात, खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं, आणि काही आठवड्यांतच अशा संदेशांची फिरती 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं अभिमानानं सांगितलं. अभिमान ठीक आहे. पण एका आकड्याच्या बदलानं एवढा फरक पडतो, तर तो आकडा आधी कुणी ठरवला होता, कशावरून, आणि बदलायला माणसं मरायची वाट का पाहिली, हे विचारायला नको का?

इथे कुणीतरी म्हणेल, अफवा काय, व्हॉट्सअॅप येण्याआधीही होत्याच. होत्या. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्यायला. माझ्या वयाच्या लोकांना तो दिवस लख्ख आठवतो. दुपारपर्यंत ती बातमी गावोगावच्या मंदिरांत पोचली होती, आणि ती पोचली लँडलाइननं आणि एसटीडी बूथवरून. पण त्या दिवशी प्रत्येकाला तोंड उघडावं लागलं. आत्येला फोन लावायचा, मीटर पळताना पाहायचं, आणि स्वतःच्या शब्दांत सांगायचं की अगं, गणपती दूध पितोय. आत्या विचारायची, तू पाहिलंस का? त्या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावं लागे. फॉरवर्डच्या बाणानं हा प्रश्नच काढून टाकला. मी बोललो नाही, मी लिहिलं नाही, मला आलं ते मी पुढे दिलं. खर्च शून्य, जबाबदारीही शून्य. माणसाचा स्वभाव जुनाच आहे. त्याच्या वाटेतले खाचखळगे कुणीतरी मुद्दाम बुजवले, कारण संदेश जितके जास्त धावतील तितका धंदा वाढतो.

आणि ही मर्यादा आहे तिथेच राहिली का? 2022 मध्ये ग्रुपची क्षमता आधी 512 झाली, मग 1,024. मग अनेक ग्रुपांना एका छताखाली आणणाऱ्या कम्युनिटी आल्या. पाच गुणिले 1,024 म्हणजे 5,120. आधीच फॉरवर्ड झालेला संदेश आता एका वेळी एकाच ग्रुपला जातो, ही कात्री त्यात लावली आहे, ती मान्य. पण ताजा मजकूर पाचपट 1,024 माणसांपर्यंत सरळ जातो. एका हातानं कमी केलेलं दुसऱ्या हातानं किती परत दिलं याचा हिशेब कुणी मांडला? त्या वेळी वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आलेली मला आठवत नाही.

राईनपाडा घडलं त्याच 2018 च्या सप्टेंबरात कंपनीनं भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमला. पत्ता: मेन्लो पार्क, कॅलिफोर्निया. राईनपाड्यातल्या, पिंपळनेरच्या, नामपूरच्या माणसानं तक्रार करायची ती समुद्रापार, इंग्रजीत. 2021 मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम केले, तेव्हा कुठे हा अधिकारी भारतात राहणारा असावा अशी सक्ती झाली. त्या नियमांतल्या काही कलमांबद्दल माझ्या मनात शंका आहेत. विशेषतः संदेश मुळात कुणी पाठवला हे सरकारला शोधून द्यायचं जे कलम आहे, ते उद्या पत्रकाराच्या आणि कार्यकर्त्याच्या गळ्याशी येऊ शकतं. व्हॉट्सअॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आहे, आणि तेवढ्या एका बाबतीत मी कंपनीच्या बाजूचा आहे. पण तक्रार ऐकणारा माणूस या देशात असावा, यात चूक काहीच नाही.

आता मोसमच्या काठावर येतो. इथे फॉरवर्ड म्हणजे मुख्यतः कांद्याचा भाव. नामपूरचा लिलाव, सटाण्याचा, उमराण्याचा, लासलगावचा, पिंपळगावचा. सकाळी नऊ-दहा वाजले की ग्रुपांत कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी असे तीन आकडे धडाधड पडू लागतात. चाळीत उन्हाळ कांदा भरून बसलेल्या शेतकऱ्याला हे आकडे किती मोलाचे आहेत ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. वीस वर्षांपूर्वी हाच भाव कळायला बाजारात जाऊन आलेला शेजारी गाठावा लागे.

यातली एक बारीक गोष्ट पाहा. तुम्हाला आलेला संदेश तुम्ही पुढे पाठवला की त्यावर वेळ पडते ती तुम्ही पाठवल्याची. मूळ संदेश कालचा असो, गेल्या आठवड्यातला असो, गेल्या वर्षीचा असो, पाहणाऱ्याला तो आत्ता सव्वादहाचा दिसतो. लिहिणाऱ्यानं तारीख घातली असेल तर ठीक. 'आजचे बाजारभाव' एवढंच लिहिलं असेल तर तो 'आज' वर्षभर फिरत राहतो. किती वेळा पुढे ढकलला गेला याची खूण कंपनीनं दिली, दोन बाण दिले. पहिल्यांदा कधी लिहिला गेला याची खूण दिली नाही. शहरातल्या माणसाला सुप्रभातच्या फुलांवर तारीख नसली तरी बिघडत नाही. ट्रॅक्टर भरून, हमाली मोजून, डिझेल जाळून निघालेल्याला तारीख हीच बातमी असते. निर्यातबंदीच्या काळात, 8 डिसेंबर 2023 पासून 4 मे 2024 पर्यंत, बंदी उठली, नाही उठली, उठणार, या बातम्यांनी भाव कसे वरखाली झाले ते इथल्या प्रत्येकानं भोगलं आहे. फेब्रुवारीत बंदी उठल्याच्या नुसत्या बातमीनं लासलगावला भाव उसळला आणि सरकारनं बंदी कायम असल्याचा खुलासा करताच वातावरण पुन्हा थंड झालं. अशा दिवसांत जुनी बातमी नव्या वेळेचा शिक्का घेऊन फिरते, तेव्हा नुकसान खरं होतं. संदेशासोबत मूळ तारीख दाखवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड असेल असं मला वाटत नाही. किती वेळा ढकलला याची मोजणी जो संदेशासोबत वाहून नेऊ शकतो, त्याला तारीख जड होऊ नये. ती मागायला हवी, आणि ती मागणी कांदा उत्पादकांनीच करावी, कारण कॅलिफोर्नियात बसलेल्याच्या डोक्यात ही अडचण कधी येणारच नाही.

ग्रुपचे अॅडमिन इथे बरेच बसले असतील, त्यांच्यासाठी जाता जाता एक दिलासा. ग्रुपात दुसऱ्यानं काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ अॅडमिन असल्यामुळे त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, त्यात त्याचा सहभाग दिसायला हवा, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये दिला आहे. यावरून कुणी निष्काळजी होऊ नये, एवढंच.

आता रिचार्ज. हा विषय निघाला की सभागृहात कुजबुज सुरू होते, तशी आत्ताही झाली.

गेल्या बाजारच्या दिवशी मी इथल्या एका मोबाईलच्या दुकानात बसलो होतो. साठीच्या पुढची एक आजी आली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत भाजीबरोबर रबर बँड लावलेला बटणांचा फोन. तो काउंटरवर ठेवून म्हणाली, "भाऊ, मना फोन वाजस नही. देख ना." दुकानदारानं फोन उलटसुलट केला, एक कोड दाबला आणि म्हणाला, आजी, फोन चांगला आहे, पॅक संपलाय. ती म्हणाली, मी तर कुणाला फोन करतच नाही, पैसे कशाचे संपले? "मना आंडोर नाशिकले शे. तोच करस." मुलगाच फोन करतो, पैसे त्याचे जातात. तिच्या हिशेबात चूक काढता येईना. दुकानदारानं मान खाली घालून सर्वांत स्वस्त पॅकचा आकडा सांगितला, आणि आजीनं पदराची गाठ सोडली.

हा हिशेब कधी बदलला? पूर्वी 'लाइफटाइम'ची सिमकार्डं मिळत. नुसते फोन घ्यायला पैसे लागत नसत. 2018 च्या अखेरीला जुन्या खासगी कंपन्यांनी ठरवलं की दर 28 दिवसांनी किमान 35 रुपयांचं रिचार्ज केलं नाही तर येणारे फोनही बंद. कारण सरळ होतं. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, 31 मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट वाटलं, आणि त्या धक्क्यात कोसळलेल्या बाकीच्या कंपन्या दर ग्राहकामागे किती रुपये मिळतात हे मोजायला लागल्या. एअरसेल गेली, टाटाची मोबाईल सेवा गेली, टेलिनॉर एअरटेलमध्ये विरघळली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आपल्याकडे उरल्या तीन खासगी आणि एक सरकारी. फुकटाची मजा आपण सगळ्यांनी घेतली, मीही घेतली. बिल मागाहून आलं. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा 155 रुपयांचा पॅक 189 झाला, 239 चा 299. पुष्कळांनी रागानं बीएसएनएलचं सिम घेतलं. त्यांतले काही परतही आले, कारण राग असला तरी रेंज लागते.

महिना 28 दिवसांचा कसा, हा प्रश्न पाचवीतलं पोरही विचारेल. 365 ला 28 नं भागलं की 13 येतात. वर्षाला बारा महिने आणि तेरा रिचार्ज. तेराव्या महिन्याचे पैसे कोट्यवधी लोकांकडून निमूट गोळा होत राहिले.

कंपनीचा धंदा आहे, परवडत नाही त्यानं फोन वापरू नये, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी विचारतो, फोनशिवाय आज काय होतं? पीएम किसानच्या ई-केवायसीला ओटीपी. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला ओटीपी. बँकेला, आधारला, गॅसला नंबर. ई-पीक पाहणी 2021 पासून फोनवर. पीक नोंदलं नाही तर उद्या नुकसानभरपाईच्या वेळी तलाठ्याच्या दारात उभं राहायचं. म्हणजे सरकारनं नागरिकाची ओळख मोबाईल नंबरला बांधली आणि तो नंबर जिवंत ठेवण्याची किंमत ठरवायचा अधिकार कंपन्यांकडे राहिला. नंबर तीन महिने बंद पडला की तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या बँकेचा ओटीपी अनोळखी खिशात वाजतो. त्या आजीनं जे भरलं ते फोनचं भाडं कमी आणि नागरिकत्वाची वर्गणी जास्त, असं माझं मत आहे. कंपन्यांइतकाच दोष इथे सरकारचा आहे.

पण हे निर्णय दगडावरची रेघ नाहीत, आणि हेच सांगायला मी मुख्यतः आलो आहे. तीन दाखले देतो. पहिल्यात महाराष्ट्रातला शेतकरीच साक्षीदार म्हणून उभा केला होता.

फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीनं महाराष्ट्रासह सहा राज्यांत फुकट इंटरनेट सुरू केलं. पुढे त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. फुकट, पण मोजक्याच संकेतस्थळांपुरतं, आणि ती कोणती हे ठरवणार फेसबुक. विरोध सुरू झाला तेव्हा डिसेंबर 2015 मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातला गणेश नावाचा एक शेतकरी होता, ज्याला या सेवेमुळे हवामान कळू लागलं, बाजारभाव कळू लागले, आणि त्याची भरभराट होऊ लागली. त्या गणेशला बाकीचं इंटरनेट का दिसू नये, याचं उत्तर लेखात नव्हतं. फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांना एका टिचकीसरशी नियामकाकडे पाठिंब्याचं छापील पत्र पाठवण्याची सोय करून दिली. लाखो लोकांनी काय पाठवतोय ते न वाचता ते पाठवलं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, या पत्रांत आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत असं स्पष्ट बजावलं. दुसऱ्या बाजूनं, इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वाट हवी म्हणणाऱ्या तरुणांनी आधीच 10 लाखांहून अधिक ईमेल ट्रायला पाठवले होते. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं नियम केला: कुठलं संकेतस्थळ पाहता यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. तीन दिवसांत फेसबुकनं फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळलं. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला इथल्या एका नियमानं थांबवलं.

दुसरा दाखला तेराव्या महिन्याचा. जानेवारी 2022 मध्ये ट्रायनं आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं किमान एकेक पॅक पूर्ण 30 दिवसांचा आणि एकेक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. हे पॅक आहेत. दुकानदार आपण होऊन दाखवत नाही, मागावे लागतात.

तिसरा आजीचा. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं सांगितलं की ज्याला इंटरनेट नकोच आहे त्याच्या गळ्यात डेटा मारू नका, नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक द्या, मुदत 365 दिवसांपर्यंत चालेल. जानेवारी 2025 मध्ये असे पॅक आले. काही तर पहिल्यांदा आले ते जुन्याच किमतीत, फक्त डेटा काढून घेतलेले! ओरड झाली, ट्रायनं किमती तपासू म्हटलं, आणि काही दिवसांत त्या थोड्या उतरल्या: जिओचा 84 दिवसांचा 448 वर, एअरटेलचा 469 वर. स्वस्त म्हणवत नाही. पण डेटाचं ओझं उतरलं. त्या दुकानात मी हा पॅक विचारला, तेव्हा आजीला एकदम एवढे पैसे काढणं जमणार नव्हतं. गरिबाला ठोकात घेता येत नाही, म्हणून त्याला किरकोळीत महाग पडतं. हा प्रश्न ट्रायनंही सोडवलेला नाही.

परवानगीच्या बटणाबद्दल थोडक्यात. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सअॅपनं सगळ्यांना एक मजकूर दाखवला: आमची नवी अट स्वीकारा. माहिती फेसबुकच्या इतर कंपन्यांना देण्याबद्दलची ती अट होती. युरोपात कायदा कडक म्हणून तिथल्या लोकांना वेगळी वागणूक, आपल्याला 'स्वीकारा' किंवा चालते व्हा. जवळजवळ चार वर्षं प्रकरण चाललं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं व्हॉट्सअॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, 213 कोटी 14 लाख रुपये दंड ठोठावला. त्यावर अपिलं झाली. दरम्यान 2024 मध्ये त्याच अॅपात मेटा एआयचा निळा-जांभळा गोल येऊन बसला. नको म्हणायची सोय नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक चुकून त्याच्यावर बोट लागलं की त्याला नमस्कार लिहून बाहेर पडतात. सभ्यता त्यांच्या बाजूनं आहे.

अहिराणीबद्दल बोललो नाही तर इथली तरुण मंडळी मला सोडणार नाहीत. मालेगावच्या हौशी चित्रपटवाल्यांनी सीडीच्या काळात काय केलं ते जगानं 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटातून पाहिलं. पुढची पिढी यूट्यूबवर आली, आणि अहिराणी गाण्यांनी तर लग्नाच्या हळदी ताब्यात घेतल्या. यात खरी मेहनत आणि खरा पैसा आहे. पण जानेवारी 2018 मध्ये यूट्यूबनं ठरवलं की 1,000 सदस्य आणि वर्षाला 4,000 तास पाहिलं गेल्याशिवाय जाहिरातीचा पैसा मिळणार नाही. हिंदी चॅनलला हा उंबरठा, अहिराणीला हा डोंगर. भाषा लहान असली की प्रेक्षक लहान, हे गणित कंपनीच्या नियमात कुठेच नाही. गूगलनं 2024 च्या जूनमध्ये भाषांतरात एकदम 110 भाषा वाढवल्या. त्यात मारवाडी, अवधी, तुळू, बोडो आल्या, अहिराणी नव्हती. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि आपला कसमादे पट्टा जी बोली बोलतो ती त्या यादीत का नव्हती, हे कंपनीला कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अर्थात, त्यासाठी आधी अहिराणीत लिहिलेलं पुष्कळ असावं लागतं, आणि ते काम कंपनीचं नाही, तुमचंआमचं आहे.

मग करायचं काय? मी आंदोलन सांगायला आलो नाही. साधी, कागदावरची कामं सांगतो.

2021 च्या नियमांप्रमाणे मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते आणि ती ठरावीक मुदतीत निकाली काढावी लागते. उत्तर पटलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. हे वापरणारे खेड्यांत फार थोडे आहेत. तुमचं खातं कुणी हॅक केलं, तुमच्या नावानं पैसे मागितले, तुमचं गाणं दुसऱ्यानं चोरून टाकलं, तर नुसतं ग्रुपात 'सावधान' लिहून थांबू नका. तक्रार करा, तिचा क्रमांक जपून ठेवा, मुदत संपली की अपील करा. पैसे गेले असतील तर आधी 1930 ला फोन.

ट्राय कुठलाही मोठा नियम करण्यापूर्वी सल्लापत्र काढतं आणि लोकांची मतं मागवतं. दिल्ली-मुंबईच्या संस्था त्यावर लिहितात, कंपन्यांचे वकील तर पानंच्या पानं लिहितात. बाजार समित्यांनी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, बचत गटांच्या संघांनी लिहिल्याचं क्वचितच दिसतं. लिहायला भारी इंग्रजी लागत नाही, अडचण नेमकी सांगता यावी लागते, आणि ती तुमच्याइतकी नेमकी कुणालाच सांगता येणार नाही.

आणि शेवटचं, जे उद्यापासून करता येईल. ग्रामसभा 26 जानेवारीला, 1 मेला, 15 ऑगस्टला आणि 2 ऑक्टोबरला होतात. येत्या सभेत तीन मागण्यांचा एक ठराव मांडा. गावातले टॉवर महिन्यात किती तास बंद होते याची यादी कंपन्यांनी ग्रामपंचायतीला द्यावी. रिचार्जच्या प्रत्येक दुकानात 30 दिवसांचा आणि नुसत्या बोलण्याचा पॅक मराठीत लिहून दर्शनी भागात लावावा. आणि पुढे ढकललेल्या संदेशावर मूळ तारीख दिसावी. पहिल्या दोन मागण्या ट्रायकडे पाठवा, तिसरी कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे. भावाचा संदेश लिहिणाऱ्यांनी मात्र तिसऱ्या मागणीच्या उत्तराची वाट पाहू नये. उद्या सकाळच्या लिलावापासून आकड्यांच्या आधी तारीख घाला.